द डेस्परेट अवर्स (१९५५) : बाप पोलिसात का जात नाही?

इंदिरानगरकर:
काल रात्री हा सिनेमा शेवटी बघून टाकला. हम्फ्री बोगार्ट आणि दोघं जेलमधून पळून एका घरात घुसतात, आणि घर निवडतात कसं तर अंगणात पोराची सायकल आडवी पडलेली दिसते म्हणून, लेकरंवाला माणूस उगाच हिरोगिरी करत नाही ना. मी तिथेच पॉज करून कंपाउंडमधली आमच्या चिरंजीवांची सायकल हॉलमध्ये आणून ठेवली, बायको म्हणे डोकं फिरलंय का. पण एक पटलं नाही, बापाला ऑफिसला जाऊ देतात, पोरगीपण जाते, मग सरळ चौकी का नाही गाठत? आणि १९९० चा रिमेक बघू का?

मॅटिनीवाला:
अहो बायको आणि पोरगा आत आहेत ना, चौकीत जाऊन काय करणार? खरी मेख तीच आहे, माणूस मोकळा सुटतो आणि संध्याकाळी आपल्या पायाने परत येतो. सगळ्यांना नुसतं डांबून ठेवलं असतं तर मी अर्ध्या तासात झोपलो असतो. बोगार्टची मैत्रीण पैसे घेऊन येईपर्यंत बाहेरून सगळं रोजच्यासारखं दिसायला हवंय. बाप झालेला फ्रेड्रिक मार्च घरातून निघतो तेव्हा त्याचा चेहरा परत बघा.

पंचवटी_एक्सप्रेस:
रिमेकमध्ये मिकी रूर्क आणि अँथनी हॉपकिन्स, मी मधेच सोडला, भडक आहे. मूळ जोसेफ हेजची कादंबरी, नाटकही त्याचंच, ब्रॉडवेवर बोगार्टचा रोल तिशीतल्या पॉल न्यूमनने केलेला. आपल्याकडे ३६ घंटे (१९७४), राजकुमार आणि सुनील दत्त.

वकीलसाहेब:
यात कोर्टाची भानगडपण आहे. १९५२ मध्ये पेनसिल्व्हेनियात पळालेल्या तीन कैद्यांनी एका कुटुंबाला १९ तास घरात ठेवलं होतं, पण अंगाला हात लावला नाही, नीट वागले. पुढे लाइफ मासिकाने नाटक म्हणजे त्या कुटुंबाचीच गोष्ट असं छापलं, नाटकात तर मारहाण आहे, म्हणून कुटुंबाने मासिकावर केस टाकली. सुप्रीम कोर्टात कुटुंबाचा वकील कोण, तर पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला रिचर्ड निक्सन! १९६७ ला हरले.

इंदिरानगरकर:
निक्सन?? बरं, रिमेक कॅन्सल. ३६ घंटे आईने थेटरात बघितलाय म्हणे, फक्त सर्कलला की विजयानंदला यावरून आई-बाबांची सकाळपासून जुंपलीय.