शब्दचर्चा : 'हिचहायकर'ला मराठीत काय म्हणावे? (हायवे 16 आणि काही अडलेले शब्द)

मूळ प्रश्न (अनुवादक)

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात प्रिन्स जॉर्ज ते प्रिन्स रूपर्ट असा सुमारे 720 किलोमीटरचा रस्ता आहे, हायवे 16. या रस्त्यावर आणि त्याला जोडलेल्या रस्त्यांवर 1969 पासून अनेक मुली आणि तरुण बायका बेपत्ता झाल्या किंवा त्यांचे मृतदेह सापडले. त्यातल्या कितीतरी जणी आदिवासी समाजातल्या होत्या. बहुतेक प्रकरणांत गुन्हेगार कोण, हे आजही ठाऊक नाही. 1998 मध्ये टेरेस गावात त्यांच्या आठवणीसाठी लोक जमले, तेव्हा या रस्त्याला जे नाव मिळाले त्याचा अर्थ 'अश्रूंचा महामार्ग' असा होतो.

यावरचा एक लेख मी आमच्या वाचनगटासाठी मराठीत करते आहे. तिसऱ्याच ओळीत 'हिचहायकर' (वाटेतल्या अनोळखी गाडीत लिफ्ट मागून जाणारी व्यक्ती) आले आणि गाडी अडली. शब्द देवनागरीत तसाच ठेवला, तर आमच्या गटातल्या बायकांच्या डोळ्यांपुढे पाठीवर मोठी पिशवी घेऊन जग बघायला निघालेला गोरा पर्यटक उभा राहतो. या मुली तशा नव्हत्या. कुणी मैत्रिणीकडे निघाली होती, कुणी कामावर, कुणी घरी. गावांमधली अंतरे मोठी, बस जवळजवळ नाहीच, घरात गाडी नाही, म्हणून त्या रस्त्यावर उभ्या होत्या.

'लिफ्ट मागणारी' चालेल का? 'अंगठा दाखवणारी' तर नकोच. तिकडे अंगठा वर केला की 'मला घ्या' असा अर्थ, आणि आपल्याकडे अंगठा दाखवला म्हणजे ठेंगा दाखवला. 'फुकट प्रवासी'ही नको, त्यात तिकीट चुकवल्याचा आरोप येतो.

'कोल्ड केस' (न उलगडता पडून राहिलेले जुने प्रकरण), 'सीरियल किलिंग' (एकाच माणसाने एकामागून एक केलेले खून) आणि प्रकरणे एकमेकांशी 'लिंक' करणे, हे तीन शब्दही अडले आहेत. कृपया सुचवा.

प्रतिसाद (निवृत्त एसटी वाहक, सांगली जिल्हा)

ताई, याला शब्द आहे की. आमच्याकडे गाडीला 'हात करतात'. "शेवटची एसटी चुकली, मग ट्रकला हात करून आलो," असेच लोक बोलतात. "दुधाच्या गाडीत बसून आलो," असेही म्हणतात. एसटीने स्वतः 'हात दाखवा, एसटी थांबवा' म्हणून सांगितले, ते याच सवयीवरून. वडाप (खासगी जीपची वाहतूक) सुरू झाले तरी हात करणे काही सुटले नाही.

आणि हात कोण करते? ज्याला दुसरा इलाज नाही तो. हौसेने कुणी भर उन्हात फाट्यावर उभे राहत नाही. नोकरीत असताना दहावी-बारावीच्या मुली मी फाट्यावर उभ्या असलेल्या रोज बघितल्या. गाडी भरलेली असली तरी त्यांना सोडून पुढे जायला मन व्हायचे नाही, कारण मागून काय येईल ते माहीत नसायचे. तुम्ही 'गाडीला हात करून जाणाऱ्या मुली' असे लिहा. कुणालाही समजेल.

अनुवादक

काका, फार नेमका शब्द दिलात. 'हिचहायकर' हा माणसाचा प्रकार वाटतो, जणू ती तिची ओळखच. 'हात केला' ही त्या दिवशी, त्या वेळी केलेली एक कृती आहे. लेखात 1974 मधली 16 वर्षांची एक मुलगी आहे. लॅक ला हाश या गावातून मैत्रिणीच्या घरी जाते म्हणून निघाली, ती परतली नाही. महिन्याभराने तिचा मृतदेह सापडला. तिला 'हिचहायकर' म्हटले की तिचे उरलेले सगळे आयुष्य त्या एका शब्दामागे जाते. आता मी लिहिते, "मैत्रिणीकडे जायला तिने गाडीला हात केला."

प्रतिसाद (मराठीचे शिक्षक)

'कोल्ड केस'साठी 'शीतप्रकरण' असा शब्द पाहिला आहे, पण तो शीतगृहाशेजारचा वाटतो. मराठीत 'तपास थंडावला' असे आपण सहज म्हणतो, तेव्हा 'थंडावलेला तपास' घ्यावा. 'थंड' आणि 'थंडावलेला' यांत फरक आहे. दगड थंड असतो. चूल थंडावते, कारण ती कधीतरी पेटलेली असते आणि लाकूड घालणारे हात थांबलेले असतात. 'प्रकरण बासनात गुंडाळले' हेही आहे, पण त्यात कुणीतरी ते जाणूनबुजून गुंडाळले असा आरोप आहे. तो सिद्ध करता येत असेल तरच वापरा.

'सीरियल किलिंग'साठी 'साखळी खून' घ्यावे असे मला वाटते. 'मालिका' म्हटले की हल्ली लोकांना रात्री आठची मालिका आठवते.

प्रतिसाद (निवृत्त पोलीस हवालदार, सातारा)

गुरुजी, 'थंडावलेला तपास' बरोबर. आमच्या खात्यातला शब्द 'कायम तपासावर'. गुन्हा खरा आहे, पण आरोपी मिळत नाही, अशा वेळी कोर्टात 'अ' समरी (तपासाचा शेवटचा अहवाल) जाते. फिर्याद खोटी असेल तर 'ब', आणि गुन्हा खराही नाही, मुद्दाम खोटाही नाही, तर 'क'. 'अ' समरी झाली म्हणजे गुन्हा मेला असे नाही. नवा पुरावा आला की कागद पुन्हा बाहेर येतात. खून झालेल्या मुलीच्या बापाला "तपास बंद झाला" असे कधी सांगू नये, "कायम तपासावर आहे" असे सांगावे, असे आमचे एक जुने साहेब म्हणायचे. मात्र तसे म्हणायचे तर कपाट उघडणारा माणूस खात्यात असावा लागतो.

'साखळी खून' मात्र मला मान्य नाही. 1993 च्या मुंबईतल्या स्फोटांना 'साखळी बॉम्बस्फोट' म्हणतात, कारण कट एकच होता. साखळी म्हटली की कड्या एकमेकींत अडकलेल्याच असतात. तुमच्या लेखातल्या सगळ्या मुलींना एकाच माणसाने मारले, असे तिकडचे पोलीस म्हणतात का? म्हणत नसतील, तर शब्दाने तो निकाल देऊन टाकू नये. 'खूनसत्र' चालेल, पण तेही थोड्या दिवसांत लागोपाठ झालेल्या खुनांना शोभते. ही तर चाळीस वर्षांची गोष्ट दिसते.

'लिंक'बद्दल सांगतो. 'धागा सापडणे' वेगळे आणि 'सांगड घालणे' वेगळे. धागा तिथे असतोच, तो आपल्याला मिळतो. सांगड आपण घालतो. दोन गुन्ह्यांत ठिकाण सारखे, वय सारखे, पद्धत सारखी म्हणून आम्ही सांगड घालायचो. ती बरोबर निघेलच असे नाही. चुकीची सांगड घातली की दुसऱ्या गुन्ह्यातला खरा आरोपी सुटतो, कारण पहिल्यात पकडलेल्या माणसाच्या नावावर दुसराही टाकून आपण शोधायचे थांबवतो.

प्रतिसाद (व्हँकुव्हरहून)

हवालदार साहेबांचा मुद्दा इथे अगदी लागू पडतो. 2005 मध्ये इथल्या पोलिसांनी 'ई-पाना' नावाचे खास तपासपथक काढले. 'ई' हा पोलिसांचा या प्रांताचा विभाग, आणि 'पाना' ही उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांच्या कथांमधली मृतात्म्यांची काळजी वाहणारी देवता. सुरुवातीला 9 प्रकरणे होती. 2007 मध्ये 18 झाली, त्यांत 13 खून आणि 5 बेपत्ता. यादीत घेण्याच्या अटी ठरलेल्या होत्या. ती स्त्री असावी, ती अनोळखी गाडीला हात करून जात असावी किंवा तिचे वागणे इतर प्रकारे 'जास्त जोखमीचे' असावे, आणि 16, 97 किंवा 5 क्रमांकाच्या हायवेपासून साधारण मैलभराच्या आत ती शेवटची दिसलेली असावी किंवा तिचा मृतदेह मिळालेला असावा.

म्हणजे ही साहेबांच्या भाषेतली सांगड आहे. रस्त्याने घातलेली. या सगळ्यांमागे एकच माणूस आहे असे पोलिसांनी मानलेले नाही. आणि अट मैलभराची असल्यामुळे अनेक घरांच्या लेकी यादीबाहेर राहिल्या. त्या घरांना '18' हा आकडा ऐकवत नाही. अनुवादात 'एकूण 18 मुली' असे कृपया येऊ देऊ नका, 'पोलिसांच्या यादीतल्या 18' असे लिहा.

धागा मात्र एकदा खरोखर सापडला. ताईंनी सांगितलेल्या 1974 च्या मुलीच्या ब्लाउजवरचा नमुना जपून ठेवलेला होता. 2012 मध्ये त्यातला डीएनए इंटरपोलमार्फत (देशोदेशींच्या पोलिसांची संघटना) अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जुळला, बॉबी जॅक फाउलर नावाच्या कैद्याशी. 1974 मध्ये तो प्रिन्स जॉर्जला छपरे घालण्याच्या कामावर होता. नाव कळले तेव्हा तो जिवंत नव्हता, 2006 मध्ये तुरुंगातच मेला होता. इंटरपोलमार्फत जुळलेला तो तोवरचा सर्वांत जुना नमुना होता. आता या एका जुळणीवरून बाकीच्या मुलीही त्याच्याच, असे लिहायचा मोह होतो. तो टाळा.

अनुवादक

'एकूण 18' असेच लिहिले होते. आत्ताच बदलले.

पण तुमच्या प्रतिसादातल्या 'जास्त जोखमीचे वागणे' यावर मी रात्रभर विचार करत होते. माझी आजी लग्नाला जाताना म्हणायची, "अंगावर जोखीम आहे, रात्रीची गाडी नको." तिच्या तोंडी जोखीम म्हणजे दागिने. कुणाची ठेव सांभाळायला घेतली तर "माझ्याकडे त्यांची जोखीम आहे" म्हणायची. मौल्यवान आहे आणि जपण्याची जबाबदारी आहे, असे दोन्ही अर्थ त्या शब्दात होते. पोलिसांच्या अटीत तोच शब्द घातला, तर जोखीम त्या मुलीच्या वागण्यात जाऊन बसते, आणि तिला जपण्याची जबाबदारी कुणाची होती हे वाक्यातून निघून जाते.

2006 मध्ये प्रिन्स जॉर्जला या विषयावर मोठी परिषद झाली. तिच्या 33 शिफारशींत या रस्त्यावर बस सुरू करा, अशी मागणी होती. नवी बससेवा सुरू झाली 2017 मध्ये. मधल्या अकरा वर्षांत जिने गाडीला हात केला, तिचे वागणे जोखमीचे म्हणायचे का? मी 'जोखमीचे वागणे' पोलिसांचे शब्द म्हणून अवतरणात ठेवते आहे आणि माझ्या वाक्यांत 'धोक्याचा रस्ता' लिहिते आहे.

असाच दुसरा शब्द 'पळून गेली'. त्यांतल्या काही मुलींच्या घरच्यांना सुरुवातीला "पळून गेली असेल, येईल परत" असे ऐकावे लागले. मराठीत मुलगी 'पळून गेली' म्हटले की ती कुणाबरोबर, हा प्रश्न लगेच येतो. 'घर सोडून गेली' लिहावे का?

प्रतिसाद (निवृत्त पोलीस हवालदार, सातारा)

'बेपत्ता' लिहा. ती स्वतः गेली की तिला नेली, हे कळेपर्यंत दुसरा शब्द लिहूच नये. आमच्याकडे 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर अठराच्या आतले मूल हरवले की अपहरणाचाच गुन्हा दाखल करतात. त्याआधी नुसती 'मिसिंग' घ्यायचे, आणि "चार दिवस वाट बघा" हे वाक्य मीही लोकांना सांगितलेले आहे. आज सांगणार नाही.

प्रतिसाद (व्हँकुव्हरहून)

एक पाटी राहिली. याच रस्त्यावर पिवळी मोठी पाटी आहे. मुलींना उद्देशून, या रस्त्यावर गाड्यांना हात करू नका, आणि खाली 'खुनी मोकाट आहे' अशा अर्थाचे शब्द. इंग्रजीत तिथे एकवचन आहे.

अनुवादक

मराठीत 'खुनी' हा शब्द एकवचनी आणि अनेकवचनी सारखाच, फरक फक्त क्रियापदात. 'खुनी मोकाट आहे' की 'आहेत'? वर ठरले त्याप्रमाणे 'आहेत' लिहावेसे वाटते, पण पाटी लावणाऱ्यांचे शब्द बदलायचा अधिकार मला नाही.

सुरुवातीचा परिच्छेद आता असा झाला आहे :

"हायवे 16 च्या परिसरात 1969 पासून अनेक मुली आणि तरुण बायका बेपत्ता झाल्या. काहींचे मृतदेह सापडले, काहींचे नाहीत. त्यांतल्या कित्येकींनी शेवटी कुणाच्या तरी गाडीला हात केला होता, कारण बस जवळजवळ नव्हतीच. पोलिसांच्या यादीत त्या 18 आहेत, घरच्यांच्या यादीत त्याहून जास्त. बहुतेकींचा तपास थंडावलेला आहे. हे एकाच माणसाचे काम आहे असा पुरावा नाही."

पाटीवरचे 'आहे' तसेच ठेवले आहे आणि खाली टीप दिली आहे.