मदत हवी आहे: बोअरचा पॉइंट कोरेगावचा, मोबाईल दाखवतोय उंब्रज!

मंडळी, रान आमचं कोरेगावजवळ. मागच्या आठवड्यात पाणी बघणारे आले, रानभर मशीन फिरवून एका जागी खुंटी ठोकली आणि चिठ्ठीवर लिहून दिलं:

१७° ४२' ०८", ७४° १०' २४"

खरं सांगतो, आधी वाटलं पाणी बेचाळीस फूट आठ इंचांवर लागणार. खुणा तशाच की! आण्णा तर पेढे आणायला निघाले होते. थोरली सातवीत आहे, ती म्हणाली, "बाबा, हे अक्षांश-रेखांश आहेत." मग मी नकाशात १७.४२, ७४.१० टाकलं, शेवटचे आकडे किरकोळ समजून सोडले आणि न बघताच गाडीवाल्याला लोकेशन पाठवलं. गाडी पहाटे उंब्रजच्या बाजूला, कुणाच्या तरी उसात. डिझेल माझ्या अंगावर. इकडे खुंटी म्हशीनं उखडलीय, त्यामुळं आता आकड्यांशिवाय इलाज नाही.

आकडे उलटे टाकले तर टिंब नॉर्वेच्याही वर समुद्रात. पाणी भरपूर, पण उपयोग काय!

चूक त्यांची की माझी? आणि थोरली विचारतेय, ही मिनिटं घड्याळातलीच का?

प्रतिसाद १
चूक तुमचीच, भाऊ. एका अंशाची साठ मिनिटं, एका मिनिटाचे साठ सेकंद. साडेदहा आपण १०.३० लिहितो, पण मजुरीच्या हिशोबात तास धरतो १०.५, तसंच हे. ४२ ला ६० नं भागा, ०.७. आठाला ३६०० नं, ०.००२२. झाले १७.७०२२. त्याच रीतीनं दुसरा ७४.१७३३. अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटरचा, म्हणून तुम्ही एकतीस किलोमीटर दक्षिणेला घसरलात. आणि 'किरकोळ' सेकंद सोडू नका. एक सेकंद म्हणजे ३१ मीटर. आठ सोडले तर अडीचशे मीटर, बोअर शेजाऱ्याच्या रानात!

प्रतिसाद २
लेकीला सांगा, ही कोनाची मिनिटं, घड्याळाची वेगळी. पण नातं आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला घड्याळाची चार मिनिटं लागतात. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५° रेखांशाची, कोरेगाव तिथून सव्वाआठ अंश पश्चिमेला. अंगणात काठी रोवून बघू द्या, सगळ्यात आखूड सावली बाराला नाही, साडेबाराच्या आगेमागे पडेल.

मी
टाकून बघितलं, टिंब आमच्याच रानात आलं! काठीही रोवलीय, थोरली दर पाच मिनिटांनी खडूनं रेघ मारतेय. आता एकच शंका. टिंब जांभळीच्या अलीकडे दिसतंय, आण्णा म्हणतात खुंटी पलीकडे होती. मोबाईल दहा-पंधरा पावलं चुकतो का, की गाडी बोलवायच्या आधी त्या पाणीवाल्यांनाच परत आणू?