गड नको, पायऱ्या नकोत : रत्नागिरी-सिंधुदुर्गात जुने वाडे आणि इतिहासाची व्याख्यानं सुचवा

भाट्ये_किनारा
नमस्कार मंडळी. डिसेंबरात माझे आईबाबा लातूरहून महिनाभर रत्नागिरीला राहायला येताहेत. बाबा निवृत्त इतिहास शिक्षक. गुडघे दुखतात, त्यामुळे होडीत चढउतार आणि गडाच्या पायऱ्या बाद. कुणालाही विचारलं की सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग हीच नावं येतात, म्हणून इथे विचारतेय. जुना वाडा, राजवाडा, कुणाचं जन्मघर असं काही असेल तर ते दिवसभर रमतील. पण नुसतं तिकीट काढून फिरून येणं त्यांना पटत नाही, माहीतगार माणूस सोबत हवा, त्याला दोन प्रश्न विचारता यायला हवेत. गेल्या खेपेला एका वाड्यात (नाव लिहीत नाही) वाटाड्याने गुप्त भुयार आणि पुरलेलं धन यापलीकडे काही सांगितलंच नाही. बाबा फार खट्टू झाले. आतून बघू देणारे वाडे कोणते, आणि स्थानिक इतिहासावर व्याख्यानं कुठे होतात? गाडी आहे, सावंतवाडीपर्यंत जाऊ.

जांभा_चिरा
ताई, गावातच आहात तर पहिला थिबा पॅलेस. फक्त आधी बाबांशी थोडं बोलून मग न्या, कारण तिथे राजवैभव बघायला गेलेला माणूस निराश होतो. 1885 मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, ब्रह्मदेशच्या थिबा राजाला पदच्युत केलं आणि मद्रासमार्गे 1886 मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. हा वाडा तयार झाला 1910 ला. राजा वारला डिसेंबर 1916 मध्ये. म्हणजे तीस वर्षांच्या कैदेतली चोवीस वर्षं त्याने दुसऱ्या बंगल्यांत काढली, ज्या वाड्याला त्याचं नाव आहे तिथे तो जेमतेम सहा वर्षं राहिला. हे डोक्यात ठेवून आत गेलं की प्रत्येक दालन वेगळं दिसतं. एका कैद्यासाठी सरकारने एवढी तीन मजली इमारत का उभारली असेल, हा प्रश्न बाबांसारख्या शिक्षकाला दिवसभर पुरेल.

अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्यांपाशी जरा थांबा. त्यांवरचं कोरीवकाम खालून पटकन नजरेत भरत नाही, जवळ जाऊन बघा. मागच्या बाजूला राजाने ब्रह्मदेशातून आणलेली बुद्धमूर्ती आहे, बरेच जण तिथवर जातच नाहीत. इमारतीत सरकारी संग्रहालय आहे. वरच्या मजल्यांना जिने आहेत, तेव्हा बाबांना खालचं निवांत दाखवा.

मग शिवाजीनगरला राजाची समाधी. 2012 मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन इथे येऊन गेले. राणी सुपयालत राजाच्या मृत्यूनंतर 1919 मध्ये मायदेशी परतली, पण थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू रत्नागिरीतच वाढली, संसार केला, मराठी बोलत म्हातारी झाली. गावातल्या जुन्या माणसांना ती आठवते. माझ्या मते वाड्यापेक्षा ही कहाणी मोठी आहे. ती सांगणारं कुणी भेटलं तर सोडू नका.

आळीतला
टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर राहिलं की! 23 जुलै 1856 चा जन्म. कौलारू घर, जांभ्याच्या भिंती, अंगण. टिळकांचं मूळ गाव दापोलीजवळचं चिखलगाव, रत्नागिरीतलं हे घर भाड्याचं होतं. पायऱ्यांचा त्रास फारसा नाही. तासाभरात होतं.

पुस्तकवाली_मावशी
थोडं वेगळं सांगते. वाड्यात व्याख्यान शोधू नका. आपल्याकडे व्याख्यानं होतात वाचनालयात, आणि वाड्यांची खरी माहिती असलेली माणसंही तिथेच भेटतात. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय 1828 चं आहे. आल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांना तिथे घेऊन जा, सूचनाफलक वाचा आणि काउंटरवर सरळ सांगा की इतिहासाचे शिक्षक आहेत, स्थानिक इतिहासाची आवड आहे. पुढचं आपोआप होतं. कुणीतरी ओळख करून देतं, तो माणूस वाडा दाखवायला स्वतः येतो. माझ्या काकांच्या बाबतीत असंच झालं, आणि ज्या घराच्या फाटकावरून आम्ही वर्षानुवर्षं गेलो त्याच्या माजघरात बसून चहा प्यायलो.

चिपळूणला गेलात तर लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर. स्थापना 1864, सगळे 'लोटिस्मा' म्हणतात. त्यांचं संग्रहालयही आहे. जुलै 2021 च्या पुरात वाचनालयात पाणी शिरून पुस्तकांचं अतोनात नुकसान झालं. ज्यांनी ती पुस्तकं चिखलातून काढली, वाळवली, त्यांच्याशी बोलता आलं तर अवश्य बोला. इतिहास जपायचा म्हणजे काय करावं लागतं हे कळतं.

आणि जमलं तर आईबाबांना जानेवारीतही थांबवून घ्या. रत्नागिरीत दरवर्षी जानेवारीत कीर्तनसंध्या असते. चारुदत्तबुवा आफळे अनेक दिवस ओळीने एखादा ऐतिहासिक कालखंड घेऊन कीर्तन करतात, मोठ्या मैदानात, हजारो लोक. बाबा मराठवाड्यातले, कीर्तन त्यांना नवं नाही. पण पूर्वरंगानंतर आख्यानाला इतिहास आणि त्यासाठी एवढी गर्दी, हे त्यांनी बघायलाच हवं.

चितारआळी
सावंतवाडीचा राजवाडा! तिसरे खेमसावंत यांच्या काळातला, समोर मोती तलाव. दरबार हॉल बघता येतो, आणि तुम्हाला हवा असलेला 'बोलणारा माणूस' इथे सापडतो, कारण इथे गंजिफा (हाताने रंगवलेले जुने खेळायचे पत्ते) रंगवणारे कारागीर काम करताना बघायला मिळतात. दशावतारी गंजिफा म्हणजे 120 गोल पानं : दहा अवतार, प्रत्येकाची बारा. बारांत एक राजा, एक वजीर, उरलेली दहा एक्का ते दश्शी. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. तळहातावर मावेल एवढ्या पानावर बारीक कुंचल्याने दहा मासे बसवताना कारागिराचा हात बघा. आधी नुसते उभे राहा. त्याने मान वर केली की मगच विचारा. हे लोक मनापासून सांगतात.

ही कला जवळजवळ बुडाली होती. इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनी जुन्या चिताऱ्यांकडून ती स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यात पुन्हा सुरू केली. जतन केलेल्या वाड्यात नुसत्या तसबिरी न लावता काम चालू ठेवायचं, हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. राजवाड्याच्या काही भागात आता हॉटेल आहे, तेव्हा कोणता भाग कधी खुला आहे ते आधी फोन करून विचारा. परत जाताना चितारआळीत लाकडी खेळणी आणि लाकडी फळं बघा. येवा, आम्ही आसंवच!

भाट्ये_किनारा
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! वाचनालयाचं तर डोक्यातच आलं नव्हतं. अजून एक विचारू? खेड्यांतली जुनी खोतांची (गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांची) घरं, ज्यांत अजून माणसं राहतात, ती बघायला मिळतात का? बाबांना त्याचंही फार कुतूहल आहे.

वरची_वाडी
आमचं घर त्यातलंच, म्हणून लिहितो. मिळतात, पण ओळखीने. अचानक गाडी थांबवून मोबाइल काढत अंगणात शिरणारे लोक खूप झालेत, त्यामुळे बरीच घरं आता बिचकून असतात. गणपतीत आणि शिमग्यात मात्र दार सगळ्यांना उघडं असतं. गणपतीला दर्शनाला कुणीही आत येतं, शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा सगळं गाव अंगणात असतं. तुम्ही डिसेंबरात येताय, तर गावातल्या शाळेच्या गुरुजींमार्फत किंवा देवळाच्या मानकऱ्यांमार्फत निरोप पाठवा. ओटीवर बसवतील, पाणी देतील. माजघर आणि देवघर आपणहून दाखवलं तरच बघा, फोटो विचारून. आणि बाबांना सांगा, "घर किती वर्षांचं?" असं विचारू नका, त्याला अंदाजे शंभर-दोनशे असं काहीतरी उत्तर मिळतं. "ही पडवी कधी वाढवली, कौलं कधी बदलली, विहीर कुणी खणली?" असं विचारा. आमची आजी यावर दुपार घालवते, आणि त्यातून खोती, कुळकायदा, मुंबईला गेलेले भाऊ, सगळंच निघतं.

जांभा_चिरा
वरची वाडीशी सहमत. एक राहिलं : गणपतीपुळ्याला जाणारच असाल तर शेजारच्या मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर बघा. कोकण मराठी साहित्य परिषदेने तिथे स्मारक उभारलंय, 1994 मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते उद्घाटन झालं. बैठं घर, सपाट जागा, गुडघ्यांना सोपं.

आणि उलट मुरूडला नवाबाचा राजवाडा आतून बघायला मिळेल म्हणून कुणी सांगितलं तर जाऊ नका. तो खासगी आहे, रस्त्यावरूनच बघावा लागतो.

पुस्तकवाली_मावशी
सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तो दिवस वाचनालयाला किंवा मालगुंडला द्या (वाचनालयाच्या सुट्टीचा वार मात्र विचारून घ्या). सावंतवाडी एका दिवसात जाऊन येऊ नका, रत्नागिरीहून जायलाच साधारण चार तास लागतात. मुक्काम करा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाच्या चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांचं छोटं संग्रहालयही होईल. तिथे गंगावणे कुटुंबीय स्वतः दाखवतात आणि सांगतात. परशुराम गंगावणे यांना 2021 चा पद्मश्री जाहीर झाला होता. थिबा पॅलेसला कधी जाताय ते इथे लिहा ताई, मी गावातच असते, बाबांसोबत यायला आवडेल.