पावसाळ्यात लिथियम कोबाल्ट ऑक्साइडची फिल्म सुटतेय

रत्नागिरीकर: एमएस्सीचा प्रोजेक्ट चालूय, सिलिकॉनवर या बॅटरीच्या मटेरियलची पातळ फिल्म स्पटर करतोय (म्हणजे आयनांच्या माऱ्याने अणू उडवून थर बसवतोय), ७०० डिग्रीला भाजली की कडेने पापुद्रे सुटतात आणि ४००लाच थांबवलं तर चिकटून राहते पण चार्ज नीट धरत नाही, काय करू?

मालवणचो: ४००ला स्पिनेलसारखी (थरांऐवजी जाळीसारखी) रचना होते रे, अणूंचे थर नीट लागत नाहीत, ७००च्या आसपास जायलाच हवं. पण थेट सिलिकॉनवर नको, लिथियम आत शिरतं! आधी सिलिकॉनचं ऑक्साइड, मग टायटॅनियम, वर प्लॅटिनम असे थर दे आणि त्यावर फिल्म. गार अगदी सावकाश कर.

देवगडची ताई: आणि टार्गेट (ज्यातून अणू उडतात ती चकती) डेसिकेटरमध्येच, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात, ठेव हो, आपल्याकडच्या ओल्या हवेत वर कार्बोनेट धरतं. आधी शटर बंद ठेवून प्री-स्पटर कर, म्हणजे सिलिकॉन झाकलेलं असतानाच टार्गेटवरचा तो थर उडवून टाक. भाजल्यावर रामन (लेसरने रचना ओळखायची चाचणी) घे, ४८५ आणि ५९५ सेमी⁻¹जवळ दोनच शिखरं दिसली तर थरांची रचना जमली.

रत्नागिरीकर: थँक्स ताई, टार्गेट उघड्यावरच होतं, उद्याच डेसिकेटरमध्ये ठेवतो.