श्वासचाचणीत ४१ आकडा आला, रक्त मात्र घेतले नाही: खटला टिकतो का?

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी. माझा धाकटा मावसभाऊ (वय २६, वजन साधारण ७० किलो) गेल्या शनिवारी मित्राच्या हळदीहून स्कूटरने घरी परतत असताना उड्डाणपुलाखालच्या नाकाबंदीत अडवला गेला. रात्रीचे १२ वाजून ४० मिनिटे झाली होती. त्याच्या सांगण्याप्रमाणे त्याने ९ वाजण्याच्या सुमारास दोन बिअर घेतल्या होत्या आणि त्यानंतर काहीही प्यायलेला नव्हता. यंत्रात फुंकायला लावल्यावर ४१ हा आकडा आला. यंत्रातून निघालेल्या चिठ्ठीवर त्याची सही घेण्यात आली, परवाना जमा करून घेतला गेला, स्कूटर चौकीसमोर लावून घेतली आणि न्यायालयात कधी हजर राहायचे ते लिहून देण्यात आले. मला फोन आल्यावर मी दीड वाजता जाऊन त्याला घेऊन आलो. रक्त कोणीही घेतले नाही, दवाखान्यातही नेले नाही.

चिठ्ठीचे छायाचित्र माझ्यासमोर आहे. त्यावर दिनांक, वेळ, यंत्राचा क्रमांक आणि १०० मिलीलीटरला ४१ मिलिग्रॅम अशी नोंद आहे. पिऊन गाडी चालवण्याचे समर्थन मला करायचे नाही, आणि घरच्यांनी त्याला जे सुनवायचे ते सुनावून झाले आहे. मात्र रक्त तपासलेले नसताना केवळ या चिठ्ठीवर गुन्हा सिद्ध होतो का, दंड भरून प्रकरण जागीच मिटवता आले असते का, आणि स्कूटर ठेवून घेण्याचा अधिकार पोलिसांना होता का, हे जाणून घ्यायचे आहे. शेजारच्या एका काकांचे म्हणणे असे की, त्याने फुंकायलाच नकार द्यायला हवा होता. हा सल्ला मला पटलेला नाही, पण त्याचे उत्तरही माझ्यापाशी नाही.

कोर्टाची पायरी

मी फौजदारी वकिली करतो. कागद न पाहता सांगतो आहे, त्यामुळे हे सर्वसाधारण उत्तर समजावे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे किंवा चालवण्याचा प्रयत्न करणे हा गुन्हा आहे, आणि हे प्रमाण ब्रेथ ॲनालायझरच्या चाचणीत आढळले तरी पुरेसे आहे, असे कलमाच्या शब्दांतच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात प्रयोगशाळेतील चाचणीचीही भर घातली, परंतु ती ‘किंवा’ या शब्दाने जोडलेली आहे. श्वासचाचणीचा निष्कर्ष पुराव्यात ग्राह्य धरला जाईल, असे कलम २०३ सांगते. त्यामुळे ‘रक्त घेतले नाही म्हणून खटला पडला’ असे समीकरण मांडू नये.

दोन तासांच्या नियमाबद्दलही बराच गैरसमज आहे. कलम १८५ खाली कलम २०२ प्रमाणे अटक झाली, तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून तपासणी व्हावी लागते, आणि ती न झाल्यास अटकेतील व्यक्तीला सोडावे लागते. सोडावे लागते ते कोठडीतून. त्याने गुन्हा पुसला जात नाही. तुमच्या भावाला औपचारिक अटक झाली होती की नुसते थांबवून ठेवून जाऊ दिले, हे आधी पाहावे लागेल. तुमच्या वर्णनावरून मला दुसरी शक्यता अधिक वाटते.

जागीच दंड भरून मिटवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तडजोड शुल्क घेऊन जे गुन्हे मिटवता येतात त्यांची यादी कलम २०० मध्ये आहे आणि त्यात कलम १८५ नाही. त्यामुळे रस्त्यावर कोणी ‘इथेच भरून टाका’ म्हणाले, तर ते पैसे सरकारी तिजोरीत जाणार नाहीत एवढे नक्की समजावे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. पुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

लोक विसरतात ते कलम २०(२). या गुन्ह्यात दोषी ठरल्यास न्यायालयाने परवानाधारकाला किमान सहा महिन्यांसाठी परवाना बाळगण्यास अनर्ह (अपात्र) ठरवावे, असे ते सांगते. दंड भरून मोकळे होऊ या, असे म्हणत पाच मिनिटांत गुन्हा कबूल करणाऱ्या तरुणाची नोकरी जर फिरतीची असेल, तर त्याला हे आधी कोणीतरी सांगायला हवे.

स्कूटरच्या बाबतीत तुमची शंका रास्त आहे. वाहन अटकावून ठेवण्याचे कलम २०७ हे परवाना, नोंदणी, परमिट अशा बाबींसाठी आहे. मद्यपानाचा त्यात उल्लेख नाही. तेलंगणा उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये याच मुद्द्यावर, चालक नशेत असल्यास गाडी सोबतच्या शुद्धीतल्या परवानाधारकाकडे किंवा बोलावून घेतलेल्या नातेवाइकाकडे सोपवावी, असे म्हटले. तो निर्णय आपल्याकडच्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, तरी युक्तिवादात उपयोगी पडतो. व्यवहारात मात्र न्यायालयात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर (गाडी ताब्यात घेताना लिहून द्यायच्या हमीपत्रावर) ती सोडवून घेणे हाच जवळचा मार्ग.

निवृत्त खाकी

उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. नाकाबंदीत यंत्र पुढे करण्याआधीच निम्मी पारख झालेली असते. काच खाली करताच येणारा वास, डोळे, बोलण्याची लय आणि परवाना काढताना पाकिटात चाचपडणारी बोटे, यावरून अंदाज येतो. कायद्यालाही तेच अपेक्षित आहे, कारण संशयाला वाजवी कारण असले तरच गणवेशातील अधिकाऱ्याला श्वासाचा नमुना मागता येतो. आमच्या वेळी एकाने ‘साहेब, खोकल्याचे औषध घेतले आहे’ असे सांगताना शर्टाच्या खिशातून औषधाची बाटली काढण्याऐवजी चखण्याची पुडी काढली होती, ती आठवण आली.

नळी प्रत्येकासाठी नवी असावी आणि तिचे पाकीट चालकाच्या डोळ्यांदेखत फोडले जावे. घोट नुकताच घेतला असेल, किंवा उलटी झाली असेल, तर तोंडातल्या मद्यार्काने आकडा फुगतो, म्हणून पंधरा मिनिटे थांबून चाचणी घेणे हे योग्य. तुमच्या भावाच्या बाबतीत हा मुद्दा उपयोगी दिसत नाही, कारण तोच म्हणतो की शेवटचा घोट ९ वाजताचा.

आता काकांच्या सल्ल्याविषयी. नकार दिल्याने सुटका होत नाही. संशयाला कारण असताना नकार देणाऱ्याला कलम २०३ खाली वॉरंटशिवाय अटक करता येते, ठाण्यात त्याला पुन्हा फुंकण्याची संधी द्यायची असते, आणि तरीही तो नाही म्हणाला तर कलम २०४ नुसार डॉक्टरकरवी रक्त मागता येते. स्त्री असेल आणि डॉक्टर पुरुष असेल, तर दुसऱ्या स्त्रीच्या उपस्थितीतच नमुना घ्यावा लागतो. शिवाय कलम २०५ असे की, वाजवी कारणाशिवाय दिलेला नकार हा फिर्यादी पक्षाच्या पुराव्याला पुष्टी देणारी गोष्ट मानता येतो. ‘फुंकणार नाही’ म्हणणारा घरी जात नाही, दवाखान्यात जातो.

अपघात झाला असेल तर तपासाचा सारा नूर पालटतो. जखमी चालक रुग्णालयात असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची हरकत नाही, हे आधी पाहावे लागते. घटनास्थळाचा पंचनामा, चाक कोणाच्या हातात होते याचे साक्षीदार, आसनाची स्थिती, पिण्याच्या जागेची बिले आणि तिथले सीसीटीव्ही, हे सगळे त्याच रात्री हाती घ्यावे लागते, कारण चित्रण फार दिवस राहत नाही. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेणाऱ्या अपघातात अल्पवयीन चालकाच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला आणि डॉक्टरांना अटक झाली. दुसऱ्या रुग्णालयात वेगळा नमुना घेऊन ठेवला होता म्हणून डीएनए तुलनेत हा प्रकार उघडकीस आल्याचे पोलिसांनी सांगितले. अशा प्रकरणात बारचे चित्रण हाती नसते तर काय उरले असते, याचा विचार आजही मी करतो. २००६ च्या मुंबईतील कार्टर रोडवरील अपघातात सात मजूर गेले. तिथे चालकाच्या रक्तातले प्रमाण ०.११२ टक्के, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ चौपट निघाले होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाखालील तीन वर्षांची शिक्षा कायम ठेवली.

प्रयोगशाळा_रात्रपाळी

न्यायसहायक विज्ञानाशी संबंधित काम करतो. तुमच्या वर्णनातील एक गोष्ट मला खटकली. ३३० मिलीलीटरच्या, पाच टक्क्यांच्या दोन बाटल्यांत मिळून साधारण २६ ग्रॅम मद्यार्क असतो. ७० किलोच्या पुरुषात त्याने १०० मिलीलीटरला जास्तीत जास्त ५५ मिलिग्रॅमच्या आसपास पातळी जाईल. ही पातळी ताशी १०० मिलीलीटरला सुमारे १५ मिलिग्रॅमने उतरते, म्हणजे पावणेचार तासांत तेवढेच उतरायला हवे आणि १२:४० ला आकडा शून्याजवळ यायला हवा. हाच हिशेब ६५० मिलीलीटरच्या दोन मोठ्या बाटल्यांनी केला तर पातळी १०८ पर्यंत जाऊन त्या वेळी ३५ ते ५३ च्या दरम्यान उरते, आणि ४१ त्यात बरोबर बसतो. दर माणसागणिक वेगळा असतो हे खरे, पण यंत्रावर संशय घेण्याआधी भावाला बाटलीचा आकार विचारा.

रक्ताविषयी थोडे. जिथे ते घेतले जाते तिथे त्वचा स्पिरिटने पुसायची नसते, बाटलीत सोडियम फ्लोराइड घालावे लागते, नाहीतर नमुन्यातच किण्वन होऊन आकडा वाढतो, आणि लाखेच्या सीलचा ठसा व पत्रावरचा ठसा जुळावा लागतो. प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफवर मोजणी होते. बचाव पक्षाचे निम्मे प्रश्न मोजणीवर नसतात, बाटली कोणाच्या कपाटात किती दिवस पडून होती यावर असतात. रक्ताला महत्त्व आहे ते आणखी एका कारणाने: १९७१ साली महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, तोंडाला वास, अडखळती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस मद्याच्या अमलाखाली होता हे सिद्ध होत नाही. यंत्र नसेल तर डॉक्टरांच्या नुसत्या निरीक्षणावर विसंबता येत नाही, याचे मूळ तिथे आहे.

गांजा किंवा झोपेच्या गोळ्या हे यंत्र ओळखत नाही. तिथे कलम १८५ चा दुसरा भाग लागतो, आणि वाहनावर योग्य नियंत्रण ठेवण्यास चालक असमर्थ होता हे दाखवावे लागते. ते फार जड जाते.

घोडबंदरकर

विचारले. बाटल्या मोठ्याच होत्या. ‘दोन बिअर’ एवढेच आईला सांगितले होते, असे तो म्हणाला. आईसमोर आकार सांगायचा नाही असे बहुधा ठरलेले असावे. अटकेचा कोणताही कागद त्याला दिलेला नाही. यंत्रावर शंका घेण्याचा आता माझा विचार नाही, पण चिठ्ठीवरील क्रमांकाचे पुढे काय करायचे?

कोर्टाची पायरी

न्यायालयात हजर व्हाल तेव्हा त्या क्रमांकाच्या यंत्राचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र (यंत्र अचूक मोजते याचा दाखला) आणि चाचणी घेणाऱ्या अंमलदाराची नोंद मागा. प्रमाणपत्राची मुदत शनिवारपूर्वी संपली असेल तर मला पुन्हा लिहा, आणि मुदतीत असेल तर कबुली द्यायची की नाही हे परवाना सहा महिने जाण्याचा विचार करून वकिलाबरोबर ठरवा. स्कूटरच्या अर्जासोबत नोंदणी प्रमाणपत्र, विमा आणि तुमचा स्वतःचा परवाना जोडा, कारण ती घरी चालवत नेणारे तुम्हीच असणार.