एफडीतली रोटरी काढून एलएस बसवणं ही दुरुस्ती नव्हे

त्रिकोणी (मेलबर्न)
परवा 'मूळ_कोल्हापूरचा' यांनी इथे लिहिलं की माझ्दाची आरएक्स-7 एफडी ही स्पोर्ट्स कार घेतली असेल तर पहिल्याच महिन्यात तिचं रोटरी (पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणारं) इंजिन भंगारात घाला, एलएस (जनरल मोटर्सचं व्ही8 इंजिन) बसवा आणि सुखानं झोपा. खाली सगळ्यांनी 'बरोबर, बरोबर' केलं. दोन दिवस ते डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी एफडी 1993 ची. घेतल्यावर तिसऱ्याच महिन्यात साडेचार हजार आरपीएमला दोन टर्बोंपैकी दुसरा लागेना. गाडी तिथं येऊन नुसती गुदमरायची. गॅरेजवाल्यानं बोनट उघडून पाच मिनिटांत निकाल दिला: इंजिन गेलं, व्ही8 टाका. मी इनटेक मॅनिफोल्ड उतरवून खाली पाहिलं. टर्बो चालू-बंद करणारे व्हॅक्यूमचे बारीक होस टर्बोच्याच धगीत वर्षानुवर्षं भाजून निघालेले. एक बोटांत धरला तर वाळलेल्या कुरडईसारखा कट्‌कन मोडला. सगळे होस सिलिकॉनचे घातले, दोन सोलेनॉइड बदलले. दोन शनिवार-रविवार गेले. तेच इंजिन आज सहा वर्षं चालतंय.

दुसरं, टेम्परेचरचा काटा. एफडीचा मूळ काटा 80 अंशांना मध्यावर आणि 105 लाही मध्यावरच. तो हलला तेव्हा इंजिनातलं पाणी अडवणारे वॉटर सील शिजलेले असतात. लोक गेज बसवत नाहीत, प्लॅस्टिकची एअर सेपरेटर टाकी फुटेपर्यंत वापरतात आणि मग म्हणतात रोटरी टिकत नाही.

मूळ_कोल्हापूरचा (ह्यूस्टन)
भावा, तुझे होस निघाले, माझं इंजिन निघालं. एकदा नव्हे, दोनदा. चार वर्षांत दोन रीबिल्ड. गेज होतं, मोठा रेडिएटर होता, होस नवे होते. दुसऱ्या वेळी हायवेवर, भर दुपारी, बायको शेजारी. टो ट्रक यायला तीन तास लागले. त्या तीन तासांत ती एक शब्द बोलली नाही. त्याच रात्री मी एलएस1 शोधायला बसलो.

5.7 लिटर, अ‍ॅल्युमिनियम ब्लॉक, कॅमशाफ्ट ब्लॉकच्या आतच, त्यामुळे हेड आटोपशीर. मूळ टर्बो, इंटरकूलर आणि त्यांची पायपिंग काढल्यावर गाडीचं वजन लोक म्हणतात तसं काही वाढत नाही. एसी लावून ट्रॅफिकमध्ये उभा राहतो आणि हायवेला अ‍ॅव्हरेजही जास्त मिळतं. गाडी चालवायला घेतली होती, पूजेला नव्हे.

नागोयाकर
वजन सोडा, कण्याचं काय? एफडीत गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत पॉवर प्लांट फ्रेम जाते. एलएसबरोबरचा टी56 गिअरबॉक्स घातला की ती काढावी लागते, मग डिफरन्शियल धरायला वेगळी ब्रेस, पुढं वेगळी सबफ्रेम. इथं जपानात दर दोन वर्षांनी शाकेन, म्हणजे गाडीची सक्तीची तपासणी असते. इंजिन बदललं तर बदलाची नोंद आणि तपासणी करून घ्यावी लागते.

आणि 1991 ला ल मान्सची शर्यत जिंकलेली माझ्दाची 787बी चार रोटरवर 24 तास पळाली होती. टिकत नाही म्हणणं पटत नाही.

मूळ_कोल्हापूरचा
787बी मागं अख्खी माझ्दा उभी होती. माझ्यामागं कोण?

त्रिकोणी
मग ल मान्स सोडा, आमच्याकडचं बाथर्स्ट घ्या. 1992, 93, 94, तिन्ही वर्षं 12 तासांची शर्यत आरएक्स-7 नं जिंकली. ती शर्यत प्रॉडक्शन गाड्यांची होती.

लुनावाला_पुणे
माझ्याकडे एफडी नाही, व्हायचीही नाही. पण एक विचारतो. रोटरीवाले पेट्रोलमध्ये टूटी (टूस्ट्रोक) ऑइल मिसळतात म्हणे? आमच्या लुनाला वडील पंपावर मोजून घालायचे.

मिस_शिफ्ट (मेलबर्न)
हो. एपेक्स सीलला, म्हणजे रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्यांना वंगण लागतं. कंपनीचा ऑइल मीटरिंग पंप इंजिन ऑइलच थोडं थोडं आत सोडतो. पण इंजिन ऑइल जळण्यासाठी केलेलं नसतं, त्याची राख आत साचते. टूस्ट्रोक ऑइल स्वच्छ जळतं. म्हणून मी पंप काढून टाकलाय. लिटरला 10 मिली, 50 लिटर भरलं की अर्धा लिटर ऑइल.

नागोयाकर
पंप काढणं हा शुद्ध वेडेपणा आहे. पंप इंजिनच्या भाराप्रमाणे ऑइल देतो, बाटलीला भार कळत नाही. मी पंप ठेवून वर लिटरला 5 मिली घालतो.

लुनावाला_पुणे
हा तर आरएक्स 100 चा जुना वाद! तिला ऑटोल्यूब पंप होता. आमच्या पेठेत निम्म्यांनी पंप बंद करून थेट पेट्रोलमध्ये मिक्स करायला घेतलं, कारण पंप गेला की पिस्टन जाम. माझ्या भावाची कात्रजच्या घाटात अशीच जाम झाली, मागचं चाक अडकून तो आडवा पडला. तेव्हापासून पंपावर माझा विश्वास नाही.

नागोयाकर
50 सीसीच्या लुनावरून एफडीच्या 13बी इंजिनाचा न्याय करू नका. विषय काय, बोलताय काय!

लुनावाला_पुणे
साहेब, पंप बिघडतो की नाही, एवढंच सांगा. सीसी काढू नका.

मिस_शिफ्ट
नागोयाकर, त्यांचा मुद्दा बरोबर आहे, नीट बोला. पण माझंही खरं सांगते. एकदा पावसात घाईनं टाकी भरली, ऑइल घालायचं राहून गेलं. अर्ध्या वाटेत आठवलं आणि घाम फुटला. चाळीसच्या वेगानं घरी आले. पंप बिघडतो तसं माणूसही विसरतं.

नागोयाकर
मग अ‍ॅडॉप्टर लावा. पंप तोच, फक्त त्याला वेगळ्या छोट्या टाकीतून टूस्ट्रोक ऑइल द्यायचं. आणि लुनावाले, आवाज चढवला ते चुकलं माझं. पंप बिघडतो, हे मान्य.

मूळ_कोल्हापूरचा
बघा, पेट्रोलमध्ये काय घालायचं यावर तुमच्यात मारामारी. मी पंपावर जातो, भरतो, निघतो. हाच माझा मुद्दा.

त्रिकोणी
तो मुद्दा कबूल. तुम्ही दोन रीबिल्ड सोसून निर्णय घेतला, त्यावर मी बोट ठेवत नाही. पण 'पहिल्याच महिन्यात भंगारात घाला' हे तुम्ही कुठल्या तपासणीवर सांगता? तुमची पोस्ट वाचून काल एका मुलानं मला मेसेज केला, चांगली गाडी उघडायला निघालाय. आधी कॉम्प्रेशन तरी मोजायला सांगा.

मूळ_कोल्हापूरचा
'पहिल्याच महिन्यात' हे मागं घेतो. बाकी एक अक्षर नाही.

नवा_एफडीवाला (सिडनी)
तो मुलगा मीच. सकाळी गरम व्हायला वेळ लागतो, आयडल थरथरतं. आज रोटरीच्या टेस्टरवर कॉम्प्रेशन मोजलं, 250 आरपीएमला, प्रत्येक रोटरच्या तिन्ही घरांचं, किलो प्रति चौ.सेंमी.मध्ये. पुढचा रोटर 7.4, 7.3, 7.5. मागचा 7.1, 4.0, 3.8.

मिस_शिफ्ट
सहाच्या खाली गेलं म्हणजे मर्यादेबाहेर. आणि शेजारची दोन घरं एकत्र पडली, म्हणजे त्यांच्यामधलं एपेक्स सील. एकच पडलं असतं तर साइड किंवा कॉर्नर सीलवर संशय घेतला असता.

त्रिकोणी
इंजिन उघडावं लागणार, वाईट वाटतं. पण हाउसिंगवर (रोटर ज्यात फिरतो त्या कवचावर) ओरखडे नसतील तर ते परत वापरता येईल. टर्बोची चाकंही बघ, तुटलेलं सील त्यातूनच बाहेर पडतं.

मूळ_कोल्हापूरचा
उघडल्यावर हाउसिंगचे फोटो टाक. चांगलं निघालं तर रीबिल्ड कर, माझ्याकडं दोन रोटर आणि सीलचा न वापरलेला संच पडून आहे. फक्त पोस्टाचा खर्च दे.