मदत हवी आहे : स्ट्रासबर्गच्या क्लबवर प्रेक्षकांचा कायद्याने काही हक्क आहे का?

नमस्कार मंडळी,

मी जर्मनीत केल इथे राहतो. ऱ्हाइन ओलांडणारी ट्राम थेट फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला जाते, त्यामुळे मेनो स्टेडियमवर रेसिंग स्ट्रासबर्ग या फुटबॉल क्लबचे सामने बघायला जाणं होतं. क्लबच्या मालकीवरून तिथे मोठा वाद चालू आहे. फ्रेंच कायदा जाणणाऱ्यांनी कृपया मदत करावी.

वाद इतका जिव्हारी का लागलाय ते इतिहास वाचल्यावर कळलं. १९०६ मध्ये नॉयडॉर्फ भागातल्या पोरांनी हा क्लब काढला, तेव्हा आल्सास, म्हणजे स्ट्रासबर्गचा प्रांत, जर्मनीत होता. पहिल्या महायुद्धानंतर प्रांत फ्रान्सकडे आला आणि क्लबला फ्रेंच नाव मिळालं. पुढे नाझींनी आल्सास गिळल्यावर नाव पुन्हा जर्मन झालं. सत्ता बदलत राहिली, पण गावाने संघ सोडला नाही. १९७९ मध्ये स्ट्रासबर्गचेच जिल्बेर ग्रेस प्रशिक्षक असताना फ्रेंच लीगचं विजेतेपद मिळालं, आजवरचं एकमेव. त्या चमूत नंतर नामवंत प्रशिक्षक झालेले आर्सेन वेंगरही होते.

१९९७ मध्ये क्लब पहिल्यांदा अमेरिकी कंपनीच्या हातात गेला. नंतर मालक बदलत गेले, कर्ज वाढत गेलं आणि २०११ मध्ये दिवाळं वाजून संघ थेट पाचव्या स्तरावर फेकला गेला. जुने खेळाडू मार्क केलर यांनी २०१२ मध्ये स्थानिक गुंतवणूकदार जमवून क्लब उभा केला आणि २०१७ मध्ये तो लीग १ मध्ये, म्हणजे फ्रान्सच्या सर्वोच्च स्तरावर, परतला. मला तर हे १९७९ पेक्षाही मोठं यश वाटतं.

जून २०२३ मध्ये याच केलर यांच्या गटाने क्लब ब्लूकोला विकला, म्हणजे चेल्सी या इंग्लिश क्लबच्या मालकांना. केलर अध्यक्षपदी राहिले. पैसा आला, तरुण संघ २०२४-२५ मध्ये सातवा आला, युरोपीय स्पर्धेत पोचला. तरीही त्याच मोसमात अल्ट्रा, म्हणजे कट्टर समर्थकांच्या, गटांनी सामन्यांची पहिली पंधरा मिनिटं गप्प राहून निषेध केला. पुढे कर्णधार एमेघा चेल्सीला जाणार हे मोसम सुरू असतानाच जाहीर झालं. आपला संघ दुसऱ्याची रोपवाटिका होतोय ही त्यांची भीती मला रास्त वाटते.

माझे ऑफिसमधले सहकारी फ्रायबुर्ग या जर्मन फुटबॉल क्लबचे सभासद आहेत, क्लबच्या सभेत मत देतात. स्ट्रासबर्गच्या प्रेक्षकाला असा काही अधिकार आहे का? विक्री त्याला रोखता आली असती का?

प्रतिसाद १

थोडक्यात, नाही. जर्मनीतल्या ५०+१ सारखा, म्हणजे क्लबमध्ये मतांचं बहुमत सभासदांच्या संस्थेकडेच ठेवणारा, नियम फ्रान्समध्ये नाही. इथे व्यावसायिक क्लबची दोन अंगं असतात : १९०१ च्या कायद्याखालची ना-नफा संस्था आणि तिच्याशी करार केलेली कंपनी. ब्लूकोने घेतली ती कंपनी. फुटबॉल महासंघाचा संलग्नता क्रमांक मात्र संस्थेकडे असतो, आणि हे छोटं प्रकरण नाही, कारण त्याच्या आधारावरच कंपनी स्पर्धेत उतरते. पण सीझन तिकीट काढल्याने कोणी संस्थेचा सभासद होत नाही.

डीएनसीजी ही आर्थिक देखरेख करणारी यंत्रणा हिशेब तपासते, प्रेक्षकांचं मत विचारत नाही. उएफाचा (युरोपीय फुटबॉल संघटनेचा) नियम एकाच नियंत्रणाखालचे दोन क्लब एका स्पर्धेत येऊ देत नाही. २०२५ मध्ये इंग्लंडच्या क्रिस्टल पॅलेसला फ्रान्सच्या ल्यॉं क्लबमुळे युरोपा लीग गमवावी लागली, ती याचमुळे. स्ट्रासबर्गच्या लोकांनी हा धोका नीट समजून घ्यावा.

धागाकर्ता

मनापासून आभार, गुंता बराच सुटला. आता एकच विचारतो : स्टेडियम सार्वजनिक मालकीचं आहे आणि नूतनीकरणातही मोठा पैसा जनतेचा आहे. मग भाडेकरारात शहराला मालकांवर काही अटी घालता येतात का? असा करार कोणी वाचला असेल तर कृपया लिहा, फ्रेंचमधला असला तरी चालेल.